साडेसात महिन्यांनी बोर्लीला

२०२१ साली प्रजासत्ताक दिन मंगळवारी आला. सोमवारची एक रजा टाकली की शनिवारपासून सलग चार दिवस मोकळे मिळत होते. कल्याणच्या आमच्या इमारतीत त्या आठवड्यात दुसरा विषयच नव्हता. कोणी अलिबागला निघाले होते, कोणी माथेरानला. लोकांचेही चुकत नव्हते. जुलैत कल्याण-डोंबिवलीत पुन्हा टाळेबंदी लागली तेव्हा आमचा मजला सील झाला होता. दोन्ही ईदच्या नमाजा घरातच झाल्या. लोकल तर सर्वांसाठी अजून सुरूच झाली नव्हती.

आम्हीही दिवेआगरला जायचे ठरवले. समुद्र हे मुलांसाठीचे कारण होते. अम्मीचे कारण वेगळे होते. दिवेआगरच्या अलीकडे बोर्ली पंचतनला अम्मीची धाकटी बहीण, आमची खाला, राहते. आमचे खालू जूनमध्ये गेले आणि आमच्यापैकी कोणीही तिला भेटायला जाऊ शकले नव्हते.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यावर आदळले हे आपल्या वाचकांना आठवत असेल. ज्यांचे गाव त्या भागात आहे त्यांना विसरणेच शक्य नाही. वीज गेली, मोबाइलचे टॉवर बंद पडले, रस्ते झाडांनी अडले. दुसऱ्या रात्री खालूंच्या छातीत दुखू लागले. गाडी गावाबाहेर काढायला वाट नव्हती. पहाटे ते गेले. कब्रस्तानची वाट कोयत्या-कुऱ्हाडींनी मोकळी करावी लागली आणि वस्तीतल्या मोजक्या माणसांनी मिट्टी दिली. गावातला एक मुलगा मोटारसायकलवरून माणगावच्या दिशेने निघाला, फोनला रेंज मिळाल्यावर त्याने आम्हाला कळवले. तोवर दोन दिवस उलटले होते. त्या काळात जिल्हा ओलांडायला ई-पास लागत होता, आणि ठाणे-मुंबईहून आलेल्या माणसाला गावात चौदा दिवस वेगळे राहावे लागे. अम्मीला मधुमेह आहे. तिला घेऊन निघणे शक्यच नव्हते.

सप्टेंबरपासून ई-पास बंद झाला. तरी निघायचे म्हटले की एकच प्रश्न समोर यायचा: आपण त्यांच्या घरी काय घेऊन जाणार? यावरून आमच्यात बरीच ओढाताण झाली. शेवटी अम्मीनेच निकाल दिला, "मला समुद्र बघायचा नाही, मला माझ्या बहिणीला बघायचंय." मग अटी ठरल्या. निघण्याआधी दहा दिवस कोणी बाजारात जायचे नाही, मुक्काम खालाच्या घरी नव्हे तर दिवेआगरला भाड्याच्या खोलीत, भेट फक्त ओट्यावर आणि मास्क लावून.

शनिवारी फजरनंतर निघालो. शिळफाटा, पनवेल, पेण, वडखळ करत माणगाव गाठले. महामार्गाच्या कामाबद्दल कोकणच्या माणसाला सांगण्यासारखे काही नाही. म्हसळा सोडल्यावर मुले गप्प झाली, कारण वाडीमागून वाडी उघडी पडलेली दिसू लागली. श्रीवर्धनची रोठा सुपारी नावाजलेली. त्या सुपारीच्या झाडांचे नुसते बुंधे उरले होते. नवीन रोप उत्पन्नाला यायला पाच-सात वर्षे लागतात. सरकारी मदत आधी हेक्टरी ५० हजार ठरली होती. इथल्या वाड्या गुंठ्यांत मोजतात, तिथे हेक्टर कुठून आणायचा? पुढे झाडामागे हिशेब आला, सुपारीला ५० रुपये आणि नारळाला २५०. खालाच्या वाडीत चाळीस-एक सुपाऱ्या पडल्या होत्या, हिशेब तुम्हीच करा.

खाला ओट्यावर उभीच होती. इद्दत ऑक्टोबरात संपली होती, पण त्यानंतरही ती उंबऱ्याबाहेर फारशी पडली नव्हती. दोघी बहिणी सहा फुटांवर दोन खुर्च्यांत बसल्या. आपल्यात पुरशाला गेले की आधी गळ्यात पडून रडणे होते, मग बोलणे. इथे ते जमत नव्हते, म्हणून कितीतरी वेळ दोघी बोलल्याच नाहीत. मग खालाने विचारले, "साखर किती आहे तुझी?" आणि तिथून गाडी रुळावर आली. जेवणात तांदळाची भाकरी, सुरमई आणि सांदणे. आमची ताटे तिने अंगणात मांडली होती.

खालाचा थोरला मुलगा रॉटरडॅमच्या बंदरात कामाला आहे. मार्चअखेर विमाने बंद झाली आणि तो तिकडेच अडकला. एरवी असा मुलगा निदान व्हिडिओवर तरी मिट्टी बघतो. गावात रेंजच नसल्याने त्याला तेही मिळाले नव्हते. रविवारी सकाळी आम्ही कब्रस्तानात जाऊन त्याला फोन लावला. कबरीवर पावसाळ्यात उगवलेले गवत वाळून गेले होते. तो म्हणाला, "जरा जवळ धर." धरला. त्याने फातिहा पढली, आम्ही हात थरथरू नये म्हणून फोन दोन्ही हातांनी धरून उभे राहिलो.

संध्याकाळी खाला आमच्याबरोबर दिवेआगरच्या किनाऱ्यावर आली. गाडीच्या काचा खाली आणि ती मागच्या सीटवर एकटी. किनाऱ्यावर पुण्या-मुंबईच्या गाड्यांची गर्दी होती, आम्ही दूर टोकाला सुरूच्या झाडांकडे गेलो. मुलगा पुन्हा फोनवर आला. तिकडे दुपार होती. आदल्या रात्रीपासून तिथे नऊनंतर बाहेर पडायला बंदी लागली होती. उन्हाळ्यात जरा सैल झाले तेव्हा तो बायको-मुलांना घेऊन झांडवोर्टच्या किनाऱ्यावर तीन दिवस राहून आला होता. "पाणी इतकं थंड की पाय बुडवून परत," तो सांगत होता. "मुलं विचारायची, दादाचा समुद्र हाच का?" खालाने ते ऐकले आणि चप्पल काढून पाण्यात गेली. घोट्यापर्यंत. अम्मी तिच्यापासून सहा फुटांवर, तीही घोट्यापर्यंत.

मंगळवारी निघताना खालाने सुपारीची चार रोपे पिशवीत बांधून दिली. कल्याणच्या गॅलरीत सुपारी लागणार नाही हे तिलाही ठाऊक होते.

परतल्यावर पुढचे चौदा दिवस रोज सकाळी आधी तिला फोन. ताप आहे का, खोकला आहे का, वास येतो का. ९ फेब्रुवारीला तिचाच फोन आला. वाडीत सुपारी लावायला माणूस मिळाला आहे, म्हणाली, आणि सुका जवळा कोणाबरोबर पाठवू ते सांगा.