गुलाबी अळीच्या पोटात

बोंडअळीचं आतडं मी पाहिलं! ओलं, ताजं, आणि त्यातल्या पेशींसकट! गेवराई तालुक्यात बी-बियाणं आणि खताचं दुकान चालवणारा मी कॉमर्सचा माणूस. जीवशास्त्राशी संबंध दहावीच्या पेपरला सुटला तो सुटलाच. आता मात्र गिऱ्हाईक काउंटरला टेकलं की युरियाचा भाव सांगायच्या आधी मी त्याला अळीच्या पोटातलं सांगायला घेतो. लोक शांतपणे ऐकूनही घेतात. उधारी असली की माणूस ऐकतो.

हे खूळ लावलं भाचीनं. ती संभाजीनगरला विद्यापीठात जीवतंत्रज्ञान शिकते. दिवाळीत दुकानात बसली होती. सरकीचं एक जुनं पाकीट हातात घेऊन म्हणाली, "मामा, हे बीटी अळीला लागतं कुठं?"

"पोटात."

"पोटात कुठं?"

"अगं, पोटात म्हणजे पोटात!"

"चला, दाखवते."

आमच्या पऱ्हाटीतली हिरवी बोंडं तोडली. बाहेरून एकदम धडधाकट. गुलाबी अळीचा हाच तर कावा आहे. अंड्यातून निघालेली केसाएवढी अळी बोंडात शिरते, मागे छिद्र बुजून जातं आणि शेतकऱ्याला वेचणीपर्यंत पत्ता लागत नाही. बोंड फोडलं तर सरकीत तोंड खुपसून बाईसाहेब बसलेल्या. ओळखीच्या सरांनी सुटी असूनही कॉलेजची प्रयोगशाळा उघडून दिली होती. भाचीनं काचपट्टीवर मिठाच्या पाण्याचा थेंब टाकला, अळी त्यात ठेवली, एका सुईनं डोकं दाबून धरलं, दुसरीनं कातडी अलगद उसवली, आणि आतून एक पारदर्शक नळी सरकन बाहेर आली. अळीच्या अंगात दुसरं काही आहे की नाही असं वाटावं, एवढी ती नळी मोठी. म्हणजे अळी हे एक चालतं-फिरतं आतडंच म्हणायचं.

त्या नळीतला रस तिनं पीएच पट्टीला लावला. पट्टी निळसर हिरवी झाली. आपल्या पोटात आम्ल असतं, अळीच्या पोटात बरोबर उलट, आम्लारी. अळीला ॲसिडिटी होणं शक्यच नाही! मला हसू आलं, पण भाची म्हणाली, "मामा, हसू नका, सगळी गोम इथंच आहे."

मग नळीचा तुकडा पसरून वर काच ठेवली आणि मोठ्या भिंगाखाली घेतला. आधी नुसतं धुकं. मग बारीक स्क्रू फिरवता फिरवता एकदम रांगा दिसल्या. उंच उंच पेशी, खांद्याला खांदा लावून उभ्या, मधेमधे पेल्याच्या आकाराच्या काही. या पेल्यावाल्या पेशी पोटॅशियम उपसून आतड्याच्या पोकळीत टाकत राहतात, त्यानंच तिथला रस आम्लारी राहतो. आणि उंच पेशींची जी बाजू अन्नाकडे असते, तिथं एक अंधूक झालर होती. ती झालर म्हणजे पेशीपटलाच्या हजारो बारीक घड्या. बीटी लागतं ते तिथं. पोटात नाही, आतड्यात नाही, आतड्याच्या पेशीतही नाही. पेशीच्या त्या पापुद्र्यावर!

पापुद्रा किती जाड, विचारा. साधारण 5 नॅनोमीटर. वहीच्या एका पानाच्या जाडीत असे पंधरा-वीस हजार बसतील. तो पाहायला कॉलेजातलं भिंग कुचकामी, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागतो. पण गंमत अशी की तो दुपदरी आहे हे तसलं यंत्र येण्याआधीच कळलं होतं. 1925 साली गॉर्टर आणि ग्रेंडेल या दोन डच संशोधकांनी रक्तातल्या तांबड्या पेशींमधली सगळी चरबी काढून पाण्यावर पसरली. तिनं व्यापलेली जागा पेशींच्या पृष्ठभागाच्या दुप्पट भरली. म्हणजे पदर दोन! नुसता हिशोब करून! कॉमर्सवाल्याला याहून काय हवं?

त्या दोन पदरांत प्रथिनं रुतलेली असतात, आणि ती खिळून बसलेली नाहीत, इकडून तिकडे सरकत असतात. हे चित्र सिंगर आणि निकोल्सन यांनी 1972 साली मांडलं. आमच्याकडे 72 म्हटलं की दुष्काळ, सुकडी आणि खडी फोडायची कामं. त्याच वर्षी मे महिन्यात परभणीचं कृषी विद्यापीठ निघालं हे मला ठाऊक होतं. आमचे आई-बाप खडीवर असताना तिकडे कुणीतरी पेशीच्या पापुद्र्याचा नकाशा छापत होतं, हे आत्ता कळलं.

आता बीटी. बॅसिलस थुरिंजिएन्सिस नावाचा मातीतला जिवाणू. तो पहिल्यांदा सापडला कुठं? जपानमध्ये, 1901 साली, मेलेल्या रेशीमअळीत! शिगेताने इशिवाता नावाच्या माणसाला. आपल्या बीड जिल्ह्यात आज शेकडो शेतकरी तुती लावून रेशीमअळ्या पाळतात, बीडच्या बाजार समितीत कोषांचे लिलाव होतात, आणि त्यांच्या शेजारच्याच बांधापलीकडे बीटी कपाशी उभी असते. एका अळीला जगवायचं, दुसरीला मारायचं, आणि हा जिवाणू दोघींच्याही जिवावर उठणारा! म्हणूनच बीटीची भुकटी तुतीजवळ फवारायची नसते. हे मी गिऱ्हाइकांना नेहमी सांगायचो. का, ते मात्र आता सांगता येतं. नाव पडलं नंतर, जर्मनीतल्या थुरिंजिया भागावरून. बर्लिनर नावाच्या शास्त्रज्ञाला तो तिथल्या पिठातल्या पतंगाच्या अळीत 1911 साली सापडला होता.

या जिवाणूत प्रथिनाचा स्फटिक असतो. अळीनं गिळला की तिच्या आम्लारी रसात तो विरघळतो. (माणसाच्या आम्लाच्या पोटात हे घडत नाही, आणि पुढचं तर मुळीच घडत नाही.) अळीचेच पाचकरस प्रथिनाची टोकं छाटतात आणि त्याला धार येते. कपाशीत जिवाणू नसतो, त्याचं जनुक असतं. पऱ्हाटी स्वतःच पानात, पात्यात, बोंडात ते प्रथिन बनवते. पहिल्या बीटीतल्या प्रथिनाचं नाव क्राय-1-एसी. शेजारच्या जालन्यातल्या महिकोच्या तीन संकरित वाणांना 26 मार्च 2002 ला परवानगी मिळाली, तेव्हा आत होतं ते हेच.

आणि आता ऐका, कारण इथं मला रात्री झोप आली नाही. त्या झालरीवर कॅडहेरिन नावाचं एक लांबलचक प्रथिन उभं असतं. बहुतेक सगळं पेशीच्या बाहेर डोकावणारं, पाय तेवढे आत रोवलेले. या घराण्यातली बहुतेक प्रथिनं पेशीला पेशी चिकटवून ठेवायचं काम करतात, तेही कॅल्शियम असेल तरच. माझ्या-तुमच्या अंगातही ती आहेत, त्यांच्याशिवाय कातडी एकसंध राहिली नसती. क्रायचं प्रथिन येऊन नेमकं अळीच्या या कॅडहेरिनला धरतं. धरलं की त्याचा आणखी एक तुकडा छाटला जातो. मग असे तीन-चार रेणू एकत्र येतात, टोळी करतात, पटलावरच्या दुसऱ्या प्रथिनांचा आधार घेतात आणि सगळे मिळून त्या 5 नॅनोमीटरच्या पापुद्र्यात घुसतात. भोक पडतं. एक-दोन नॅनोमीटरचं भोक! त्यातून क्षार आत, क्षारांमागून पाणी आत, पेशी फुगते, फुगते आणि फुटते. शेजारची फुटते. अळीचं खाणं बंद. दोन-तीन दिवसांत खलास.

एवढंच! एवढ्याशा भोकावर गेवराई-माजलगावच्या किती पोरींची लग्नं झाली आणि किती ट्रॅक्टरचे हप्ते फिटले! पहिल्या वर्षांत फवारे कमी झाले तेव्हा लोक म्हणायचे, बी चांगलं आहे. आणि 2017 च्या हंगामात महाराष्ट्रभर गुलाबी अळीनं बोंडं पोखरली, कवडी कापूस घरात आला, पंचनामे झाले, तेव्हा तेच लोक म्हणाले, बी खराब निघालं. माझ्याच काउंटरवर पाकिटं आदळली गेली. बी होतं तसंच होतं. बदलली होती अळी, आणि अळीत बदललं होतं कॅडहेरिन!

2014 साली भारतातल्या शेतांतल्या चिवट, म्हणजे बीटीनं न मरणाऱ्या गुलाबी अळ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. कॅडहेरिनच्या जनुकाची आठ मोडकी रूपं त्यात सापडली. जनुकावरून प्रथिनाची नक्कल उतरवताना नको ते तुकडे गाळून उरलेले जोडायचे असतात. या अळ्यांत ती जोडणीच चुकत होती. एकाच जनुकातून निरनिराळ्या अर्धवट नकला, एकूण 19 प्रकारच्या. चीनमधल्या एका प्रकारात तर याहून मजा: प्रथिन बनतं, पण पटलात रुतायचा त्याचा भागच बिघडलेला, त्यामुळे ते पेशीच्या आत आंतर्द्रव्यजालिकेतच अडकून पडतं. आंतर्द्रव्यजालिका! शाळेत आकृतीला नावं द्या म्हणून हा शब्द घोकला होता. तिथं अडकलेल्या एका प्रथिनामुळे अळी वाचते हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तर मी कॉमर्सला गेलोच नसतो. चोर ज्या कडीला धरून दार उघडायचा ती कडीच घरमालकानं उपटून टाकली, असा हा प्रकार. आणि कडीवाचून घराचं फारसं अडतही नाही.

कंपन्यांनी 2006 पासून दुसरं प्रथिन जोडीला दिलं होतं, क्राय-2-एबी. ते पटलावर वेगळ्या ठिकाणी धरतं, म्हणजे अळीला दोन गोष्टी एकदम बदलाव्या लागतील असा हिशोब. तिनं त्याही बदलल्या. दुसऱ्या ठिकाणी एबीसीए-2 नावाचं पटलातून माल वाहणारं प्रथिन बिघडलं, आणि तिथंही भारतातल्या अळ्यांत पुन्हा तीच जोडणीची चूक.

आता मला त्या 120 ग्रॅमच्या पुडीचा उलगडा झाला. बियाण्याच्या 450 ग्रॅमच्या पाकिटाबरोबर बिगर-बीटी सरकीची ती छोटी पुडी यायची, शेताच्या कडेनं लावायला. कडेच्या पऱ्हाटीवर साध्या, कॅडहेरिन शाबूत असलेल्या अळ्या वाढाव्यात आणि त्यांच्या पतंगांनी चिवट पतंगांशी जोड्या जमवाव्यात, म्हणजे पिल्लांना निदान एक धड जनुक मिळेल. कडेला तूर लावलेली बरी म्हणून आमच्याकडे ती पुडी बांधावर फेकली जायची. शेतकऱ्याला दोष द्यावासा मला वाटत नाही. दोन ओळींत फुकट अळ्या पोसा म्हणून सांगायचं, आणि का ते सांगायचं नाही, तर कोण पोसेल? शिवाय आपलं बियाणं संकरित. त्यामुळे बोंडातल्या साधारण चार सरक्यांतल्या एकीत क्राय-1-एसी नसतंच. गुलाबी अळी सरकीच खाते! एकाच बोंडात थोडं विष, थोडं बिनविषारी, म्हणजे अळीला सराव करायला शाळाच मिळाली. अमेरिकेत संकरित नव्हे तर सरळ वाण, शिवाय वांझ पतंग विमानानं सोडले, आणि 2018 मध्ये त्यांनी ही अळी देशातून संपल्याचं जाहीर केलं. जिचं शास्त्रीय वर्णन 1843 साली भारतातल्या नमुन्यांवरूनच लिहिलं गेलं, ती तिथं संपली आणि इथं मजेत आहे.

"मग त्या कडीवाचून भोक पाडता येत नाही का?" मी भाचीला विचारलं. तिचा चेहरा खुलला. येतं! मेक्सिकोतल्या संशोधकांनी क्रायच्या प्रथिनाचा जो तुकडा कॅडहेरिनला धरल्यावर छाटला जातो, तो आधीच काढून टाकला. 2007 साली दाखवलं की असं प्रथिन कॅडहेरिनशिवायही टोळी करतं आणि चिवट गुलाबी अळी मारतं. मी लगेच विचारलं, पाकीट कधी येणार? ती म्हणाली, "मामा, तुमचं आपलं पाकीट!" पाकीट अजून नाही. तोवर डोमकळ्या (अळी आत बसलेली मिटकी फुलं) तोडून नष्ट करणं, फरदड (हंगाम संपल्यावरही राखलेली पऱ्हाटी) न घेणं आणि हेक्टरी पाच कामगंध सापळे, हेच.

पण सापळ्याची गोळी, ती गॉसिप्लुरची, तिचाही खेळ पेशीच्या पापुद्र्यावरच चालतो म्हणे! मादीच्या वासाचे रेणू नराच्या मिशांवर येतात आणि तिथल्या चेतापेशीच्या पटलातलं एक प्रथिन त्यांना ओळखतं. इतकी वर्षं ती गोळी मी डब्यातून काढून दिली, पाकिटावरची मुदत बघून. सापळ्यात आठ पतंग सलग तीन दिवस सापडले की फवारा, हे तोंडपाठ. आता सापळ्यातले मेलेले नर मी एका बाटलीत साठवतोय. भाची परीक्षा संपली की येणार आहे, सरांना सांगून ठेवलंय, आणि या वेळी मिशा बघायच्यात.