मामाच्या गावाला, चेकआउट ११ वाजता

गेल्या महिन्यात बाबांना ६८ वर्षं पूर्ण झाली. शर्ट, घड्याळ, मोबाइल हे सगळे प्रकार मागच्या वाढदिवसांना करून झाले होते. ("अरे, आहे ते संपू दे की आधी!" हे त्यांचं दर वेळचं ठरलेलं उत्तर.) म्हणून या वेळी बायकोने डोकं लढवलं. बाबांचं बालपण चौलचं. म्हणजे अलिबागहून रेवदंड्याकडे निघालात की नागाव ओलांडल्यावर लागतं ते. तिथेच जवळपास 'मामाचा गाव' अशी थीम असलेला एक मुक्काम तिला नेटवर सापडला. दोन रात्री, तीन दिवस. बाबांना त्यांचं बालपण भेट द्यायचं, अशी एकूण भव्यदिव्य कल्पना! मी क्रेडिट कार्ड काढलं आणि नेहमीप्रमाणे श्रेयात अर्धा वाटा मागितला.

आता थीम म्हणजे नुसती सारवलेली जमीन आणि भिंतीवर टांगलेलं सूप नव्हे हं. इथे तुम्हाला चक्क भूमिका असते. बुकिंग करतानाच फॉर्म येतो : तुम्ही भाचा, भाची, सून की जावई? धोतराचं आणि लुगड्याचं माप काय? मग नियम. तिथल्या बुवांना 'मामा' म्हणायचं, स्वयंपाकघरातल्या बाईंना 'मामी' आणि ओटीवर बसलेल्या बाईंना 'आजी'. मोबाइल आल्या आल्या फडताळात. 'ऑफिस' हा शब्द उच्चारला की दंड म्हणून एक घागर पाणी भरायचं. मला हे भयंकर आवडलं. दंड किती होईल याचा अंदाज घेऊन मी दोन टी-शर्ट जास्त घेतले.

हा खेळ जगात नवा नाही. डिस्नेने २०२२च्या मार्चमध्ये फ्लोरिडात स्टार वॉर्सचं एक हॉटेल काढलं होतं. १०० खोल्या, दोन रात्रींचा 'अंतराळप्रवास', खिडकीबाहेर तारे (अर्थात पडद्यावरचे), आणि तुम्ही बंडखोर की 'फर्स्ट ऑर्डर'चे शिपाई, ते तुमच्या वागण्यावर ठरणार. प्रत्येक पाहुण्याच्या फोनवरच्या अॅपमधून त्याचे निर्णय टिपले जायचे आणि गोष्ट त्याप्रमाणे फाटे फोडायची. आमच्या धंद्यातल्या माणसाला ऐकूनच घाम फुटेल असलं प्रकरण! दोघांचं भाडं साधारण ४,८०० डॉलर. सप्टेंबर २०२३मध्ये ते बंद पडलं. गेलेले बरेच लोक आनंदाने रडत बाहेर पडले म्हणतात, पण तेवढे पैसे मोजणारे पुरेसे मिळेनात.

आपल्याकडे सासवडजवळ जाधवगड आहे. पिलाजी जाधवरावांनी १७१० साली बांधलेली गढी, तिचं २००७मध्ये हॉटेल झालं. दारात तुतारी वाजते, मावळ्याच्या वेशातले लोक स्वागत करतात आणि हिंजवडीतून आलेला टीम लीडर दोन मिनिटं सरदार होतो. त्याच सुमारास बारामतीकडे पांडुरंग तावरे यांनी कृषी पर्यटन रुजवलं. तिथे तुम्ही शेतकरी होता. २०२०मध्ये राज्य सरकारने त्यासाठी धोरणही आणलं.

आणि आमच्या चौलचं म्हणाल, तर इथे पंधराव्या शतकात अफनासी निकितीन नावाचा रशियन व्यापारी उतरला. त्याचं स्मारक रेवदंड्यात आहे. हा गडी पुढे हिंदुस्थानात 'खोजा युसुफ खोरासानी' असं नाव घेऊन वावरला. म्हणजे या किनाऱ्यावर येऊन दुसरंच कोणीतरी होणाऱ्या पाहुण्यांची परंपरा साडेपाचशे वर्षांची आहे. फक्त त्याला ते जीव वाचवायला करावं लागलं, आणि आम्ही त्याचे पैसे भरले होते :-)

असो. शुक्रवारी गाडीसकट भाऊच्या धक्क्यावरून रो-रो पकडली. तासाभरात मांडवा. पूर्वी बाबा याच किनाऱ्यावरून होडीने मुंबईला गेले होते, असं ते नेहमी सांगतात. या वेळी डेकवर उभे राहून ते नुसतेच बघत होते. आमची चिऊ (वय वर्षं साडेपाच) सीगलना वेफर्स घालण्यात गुंग. मांडव्याहून अलिबाग, अक्षी, नागाव, आणि मग ते माडापोफळींच्या वाड्यांमधून जाणारे अरुंद रस्ते. कितीदा गेलो तरी तिथे शिरताना मला गारच वाटतं.

दारात गाडी थांबली तशा आजी पुढे आल्या. हातात भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या. आमच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलं आणि म्हणाल्या, "किती वाळलास रे बाळा!" मी ८८ किलो. तरी खरं सांगतो, क्षणभर घशात काहीतरी आलं. माझी आजी जाऊन वीस वर्षं झाली, त्यानंतर मला वाळलास असं कोणी म्हटलेलं नाही.

तेव्हा मला या धंद्याची मेख कळली. सारवण, कंदील, फणसाच्या पाटावरचं जेवण हे सगळं नुसतं नेपथ्य. खरा माल आहे तो हाक. कोणीतरी आपल्याला आपल्या हुद्द्याने नाही, नात्याने हाक मारणं.

गंमत म्हणजे आजी बाबांपेक्षा चार-पाच वर्षांनी लहान असाव्यात. त्यामुळे बाबांची पंचाईत. नियमाप्रमाणे त्यांनाही 'भाचा' व्हायचं होतं. त्यांनी धोतर नेसलं (सगळ्यांत त्यांनाच नीट नेसता आलं), पण आजींना ते 'बाई'च म्हणत राहिले.

शनिवारी सकाळी मुख्य कार्यक्रम. रहाट! विहिरीवर लाकडी रहाट नव्याने बसवलेला, त्याला गाडग्यांची माळ. बैल ठेवणं परवडत नाही म्हणून पाहुण्यांनीच आडव्या दांड्याला धरून गोल फिरायचं. 'मामा' ओरडले, "चला भाचेमंडळी, वाडी कोण शिंपणार?" फोटोपुरते फोन फडताळातून बाहेर आले. बोरिवलीचं एक जोडपं फिरलं, मग मी आणि बायको. चार फेऱ्यांत धाप लागली, पण मजा आली. मग चिऊने आजोबांचा हात धरला. "आजोबा, आता तुम्ही! तुम्हाला तर येतं ना?"

बाबा हलले नाहीत.

"चला ना बाबा, तुमच्यासाठी तर आलोय," मी म्हणालो. बायकोने कॅमेरा रोखलेला. बाबा थोडा वेळ विहिरीकडे बघत राहिले. मग पुढे झाले. आम्ही टाळ्या वाजवल्या. पण ते दांड्याकडे गेलेच नाहीत, रहाटाच्या काठाशी ओणवे झाले. "गाडगी सैल बांधलीत रे. निम्मं पाणी परत विहिरीत पडतंय," असं तिथल्या पोऱ्याला म्हणाले. दोघांनी मिळून पाच-सहा गाठी पुन्हा मारल्या. मग पन्हळीतून पाणी जरा बरं यायला लागलं. बाबांनी हात धुतले आणि ते सरळ खोलीवर गेले.

मला राग आला होता, खोटं कशाला बोलू. एवढा खर्च, एवढी हौस, आणि यांचं आपलं तोंड फुगलेलं. दुपारी मी खोलीत जाऊन जवळजवळ भांडलोच. "तुम्हीच सांगायचात ना, पहाटे रहाटावर काय मजा यायची ते? बैलामागे फिरत पाढे पाठ केले ते?"

बाबा खाटेवर आडवे होते. म्हणाले, "पाढे पाठ केले हे खरं आहे. पण वाडी आपली नव्हती."

एवढंच. मग जरा वेळाने तुकड्यातुकड्यांनी बाकीचं. आजोबा दुसऱ्यांच्या वाड्यांत शिंपायला जायचे हे मला माहीतच नव्हतं. बाबा दहा वर्षांचे असताना आजोबांचा पाय मोडला, तेव्हा पावसाळा संपल्यापासून थेट मे महिन्यापर्यंत बाबा अंधारात उठून बैलामागे फिरले. पाढे म्हणायचे ते झोप लागून बैलाच्या पायात पडू नये म्हणून. पैसे नव्हते मिळत. महिन्याकाठी नारळ मिळायचे, ते विकायचे. शाळेत पोहोचेपर्यंत पहिला तास झालेला असायचा.

"मग आम्हाला असं का नाही सांगितलंत कधी?"

"लहान होतास. झोपताना सांगायच्या गोष्टी त्या. तुला काय रडवायचं होतं का?"

मी गप्प. तीस वर्षं मी जे बाबांचं बालपण म्हणून मनात जपलं, तीसुद्धा एक थीमच होती. बाबांनी माझ्यासाठी बसवलेली. त्यात समुद्र होता, कैऱ्या होत्या, रहाट होता. दमणं तेवढं काढून टाकलेलं होतं. आणि मी तीच खरी समजून, तिची तिकिटं काढून त्यांना घेऊन आलो होतो. रिक्वायरमेंट चुकीची असली की कोड कितीही चांगला लिहा, काय उपयोग?

रात्री जेवणं झाल्यावर चिऊ झोपली. मी पाणी आणायला बाहेर आलो, तर मागच्या पडवीत बाबा आणि 'आजी' बोलत बसलेले. आजी सुपारी कातरत होत्या. भूमिकेतून बाहेर आलेल्या आजींचा आवाज वेगळाच होता, जरा कोरडा, जरा थकलेला. मी दाराशीच थांबलो.

वाडी आजींचीच होती. ३ जून २०२०ला निसर्ग वादळ आलं, ताशी शंभर किलोमीटरच्या वर वारा. श्रीवर्धन, मुरुड, अलिबागच्या वाड्या त्याने आडव्या केल्या हे आपण तेव्हा वाचलंय. यांचे अठरा माड आणि ऐंशीच्या वर पोफळी एका दुपारीत गेल्या. पोफळ नव्याने लावली तर फळ धरायला पाच-सहा वर्षं, माडाला त्याहून जास्त. तोवर खायचं काय? मग मुंबईच्या एका कंपनीने जागा भाड्याने घेतली आणि आजींना नोकरी दिली. आजीची. पगारी आजी.

"त्रास नाही हो तसा," त्या म्हणत होत्या. "माणसं चांगली येतात. पोरं गळ्यात पडतात. पण माझा नातू पुण्याला असतो ना, तो सुट्टीत आला की खोल्या भरलेल्या असतात. कोठीत झोपतो. परवा मला म्हणाला, आजी, तू त्यांना पण बाळा म्हणतेस?"

बाबा काही बोलले नाहीत. बराच वेळ अडकित्त्याचा आवाज तेवढा येत होता. मग बाबांनी विचारलं, "नवीन लावलेल्या पोफळींना पाणी कसलं देता?" "पंपाचं. रहाट तुमच्यासारख्यांना दाखवायला." दोघंही हसली. मी पाणी न घेताच परत आलो.

रविवारी सकाळी बाबा लवकर उठून वाडीत गेले होते. चिऊ त्यांच्याबरोबर. मी गेलो तेव्हा ते तिला पोफळीभोवतीचं आळं कसं करतात ते दाखवत होते, आणि सांगत होते, "मी तुझ्याएवढ्याहून थोडा मोठा होतो ना, तेव्हा मला याचा फार कंटाळा यायचा. फार दमायला व्हायचं." चिऊने विचारलं, "मग तुम्ही रडायचात?" "हो. कधी कधी." ती गंभीर झाली, मग तिने स्वतःच्या टोपीने त्यांचा घाम पुसला. तीन दिवसांत काढलेल्या चारशे फोटोंमध्ये हा नाही.

असले मुक्काम वाईट, असा निष्कर्ष काढायला मी बसलेलो नाही. मी पुन्हा जाईन बहुतेक. शहरात ज्यांना मामाही नाही आणि गावही नाही, त्यांनी दोन दिवस पैसे देऊन भाचा व्हावं, त्यात पाप कसलं? त्याच पैशावर आजींच्या नव्या पोफळी उभ्या राहताहेत. फक्त एक गोष्ट डोक्यातून जात नाही. आम्हाला भूमिकेतून बाहेर यायची वेळ ठरलेली होती, सकाळी ११. साडेअकराला पुढची गाडी दारात येते तेव्हा आजी पुन्हा भाकरतुकडा घेऊन उभ्या.

परतीच्या बोटीत कंपनीचा फीडबॅक फॉर्म आला. जेवण, स्वच्छता, रहाट, आणि मग प्रश्न : 'आजीची माया किती खरी वाटली? १ ते ५.' मी फोन हातात धरून बसलो. काय भरायचं? माझ्यासमोरचं 'किती वाळलास' खरं होतं की पडवीतला तो कोरडा आवाज?

बाबांनी खांद्यावरून डोकावून वाचलं. म्हणाले, "विचार कसला करतोस? पाच दे. बाईचा पगार असेल त्याच्यावर."

पाच दिले.