वजाबाकीचा धंदा

शिरूरच्या वजनकाट्यावर सगळ्यांचं लक्ष भरलेल्या गाडीच्या वजनाकडे असतं, माझं रिकाम्या गाडीच्या. प्लास्टिक गोळा करणाऱ्या उपक्रमांचे हिशेब पडताळणं हे माझं काम. एका उपक्रमाच्या पावत्यांवर एकाच टेम्पोचं रिकामं वजन महिनाभर किलोनेही हललं नव्हतं. टाकीतलं डिझेल कमीजास्त होतं, क्लीनर कधी असतो, कधी नसतो. मग वजन तेवढंच कसं? माल उतरवल्यावर गाडी पुन्हा काट्यावर चढवलीच नव्हती. जुनाच आकडा वजा होत होता.

ही पहिली वजाबाकी. दुसरी पाण्याची आणि मातीची. घोडनदीच्या काठावरची पिशवी पावसाळ्यात गाळासकट येते. आम्ही गठ्ठा फोडून मधला माल काढतो, धुतो, वाळवतो आणि पुन्हा तोलतो. जे धुऊन गेलं, ते प्लास्टिक नव्हतं.

तिसरी वजाबाकी सगळ्यांना बोचते. दुधाच्या पिशव्या, पाण्याच्या बाटल्या भंगारवाला आधीपासून रोख पैसे मोजून नेतोच. त्याच तुमच्या केंद्रात आल्या, तर तालुक्यातला कचरा कमी झाला नाही, फक्त दुकान बदललं. वेफर्सच्या चकचकीत पाकिटाला मात्र कुणी विचारत नाही, कारण त्यातले चिकटवलेले थर सुटे करणं परवडत नाही. गोळा केलेल्या प्लास्टिकच्या बदल्यात विकता येणाऱ्या ‘प्लास्टिक क्रेडिट’साठी ‘व्हेरा’ या संस्थेने २०२१ मध्ये मानक आणलं. त्यातही हाच प्रश्न आहे: उपक्रम नसता तर हा कचरा उचलला गेला असता का? त्याचं उत्तर मला अहवालात कमी आणि भंगारवाल्याच्या जुन्या वहीत जास्त सापडतं.

चौथी वजाबाकी माल केंद्रातून गेल्यावरची: जो पुनर्वापराऐवजी जाळला जातो, त्याची. दौंडकडे गुऱ्हाळं पुष्कळ, आणि चुलवणात प्लास्टिक जाळल्याच्या तक्रारीही होत आल्या आहेत. म्हणून ‘रवाना’ हा शिक्का मला पुरत नाही. माल घेणाऱ्या पुनर्वापर कारखान्याची आवक नोंद, वीजबिल आणि प्लास्टिकच्या तयार दाण्यांची विक्री जुळावी लागते. २०२२ पासून प्लास्टिक कचऱ्याबाबतची उत्पादकांची जबाबदारी पुनर्वापराच्या प्रमाणपत्रांवर मोजली जाऊ लागली आणि २०२३ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या तपासणीत सुमारे सहा लाख बनावट प्रमाणपत्रं उघडकीस आली. त्यांतली काही महाराष्ट्रातलीही होती. कागदावर दाणे पाडायला यंत्र लागत नाही.

नदीकडे बघून उपक्रमाचा निकाल देता आला असता तर बरं झालं असतं. पण रांजणगाव सांडसजवळ मुळा-मुठा भीमेला मिळते आणि पुण्याचा कचरा दौंडवरून उजनी धरणाकडे निघतो. पूर ओसरल्यावर बाभळींना लटकलेल्या पिशव्यांचा दोष खालच्या गावाच्या माथी मारणं अन्यायाचं ठरेल. गावाने उचललेलं गावाच्याच खात्यात मोजायला हवं.

चारही वजाबाक्या झाल्या की आकडा लहान होतो. “एवढंच?” उपक्रमाचे लोक विचारतात. मी पाकिटांच्या गठ्ठ्याकडे बोट दाखवतो. तो त्यांच्याशिवाय कुणीच उचलला नसता.