वर्ग आपापला, मार्ग एकच

शर्यत हा शब्द ख्रिस्ती कानांना परका नाही. संत पौलाने करिंथच्या भाविकांना पत्र लिहिले तेव्हा त्या शहराजवळ इस्थमियन क्रीडामहोत्सव भरत असे. धावणारे अनेक आणि बक्षीस घेणारा एकच, हे दृश्य त्याच्या वाचकांच्या परिचयाचे होते. पुढे तीमथ्याला लिहिताना, आपण आपली धाव पुरी केली याचे समाधानही त्याने त्याच भाषेत व्यक्त केले. मिस्सेच्या वेळी हे उतारे आम्ही अनेकदा ऐकले आहेत. तथापि, आमच्याच घरातील कोणी शर्यतीत उतरेल, आणि तेही पायांनी नव्हे तर मोटारीने, असे आम्हा उभयतांच्या स्वप्नातही आले नव्हते.

आमचे छत्रपती संभाजीनगर हे यंत्रांचे शहर आहे. पश्चिमेला वाळूज, पूर्वेला शेंद्रा. वाळूजला १९८५ पासून बजाजच्या दुचाक्या तयार होत आल्या. जालना रस्त्याने चिकलठाण्याचा विमानतळ ओलांडून पुढे गेले की शेंद्र्याची औद्योगिक वसाहत लागते. तेथे २००१ साली स्कोडा कंपनीच्या ऑक्टाव्हिया मोटारींची जुळणी सुरू झाली. आपल्या धर्मग्रामातील कितीतरी घरांची चूल या दोन वसाहतींवर पेटते. आमचे चिरंजीवही शेंद्र्यालाच एका सुट्या भागांच्या कारखान्यात कामाला आहेत. दहावीनंतर आयटीआय, मग नोकरी. चुलत-मावस भावंडांत कोणी अभियंता झाले, कोणी परिचारिका होऊन आखाती देशात गेले, एक जण सेमिनरीत आहे. नातेवाईक एकत्र जमले की पाहुणे विचारतात, "आणि धाकट्याचे काय चालले आहे?" त्या प्रश्नातील 'आणि' हा शब्द किती जड असतो, हे ज्यांच्या घरी असा धाकटा आहे त्यांनाच ठाऊक.

या धाकट्याने २०२२ च्या नाताळात आमच्यासमोर विषय काढला. "पप्पा, मला गाड्यांच्या शर्यतीत उतरायचे आहे. मोठ्या नाही, हौशी लोकांच्या. दोन वर्षे पैसे साठवले आहेत." वय सव्वीस. त्याला आमच्या सहीची गरज नव्हती. तरीही तो विचारीत होता, आणि आम्हाला उत्तर देणे भाग होते.

शर्यतींच्या जगाची आम्हाला काहीच माहिती नव्हती. ती त्यानेच हळूहळू दिली. आपल्या देशात हा खेळ रुजला तो जुन्या विमान-धावपट्ट्यांवर. मुंबईत जुहूला, आणि मद्रासजवळ शोलावरमला. फियाट, ॲम्बॅसडर, स्टँडर्ड हेरल्ड अशा घरगुती गाड्यांनाच सुधारून लोक पळवीत. पुढे मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबने श्रीपेरुंबुदूरजवळ इरुंगाट्टुकोट्टाई येथे स्वतःचा मार्ग बांधला. १९९० पासून तेथे शर्यती होतात. कोइंबतूरला २००३ पासून करी मोटर स्पीडवे आहे. तो एस. करिवर्धन यांच्या नावाने ओळखला जातो. सामान्य तरुणाला परवडेल अशी शर्यतीची गाडी असावी म्हणून या गृहस्थांनी साध्या मारुती ८०० चे इंजिन वापरून 'फॉर्म्युला मारुती' बनवली. १९९५ साली विमान अपघातात त्यांचे निधन झाले. आमच्या मुलाच्या तोंडी त्यांचे नाव आपण एखाद्या संताचे घ्यावे तशा आदराने येई.

हे सारे ऐकून मन थोडे मऊ होत होते. तोच बातमी आली. ८ जानेवारी २०२३ रोजी चेन्नईच्या त्याच मार्गावर सलून मोटारींच्या शर्यतीत के. ई. कुमार हे ५९ वर्षांचे अनुभवी स्पर्धक अपघातात मृत्युमुखी पडले. शर्यत थांबवली गेली, त्या दिवसाच्या उरलेल्या शर्यती रद्द झाल्या. कित्येक वर्षे या खेळात घालवलेला माणूस होता तो. आमच्या घरी दोन दिवस कोणी त्या विषयावर बोलले नाही. मुलानेही नाही.

पवित्र सभेचे या खेळाविषयीचे म्हणणे काय, हे त्या दिवसांत आम्ही शोधू लागलो. ते एकेरी नाही, असे दिसले. १९५७ साली इटलीतील मिल्ले मिल्या या रस्त्यावरील शर्यतीत एक फेरारी गाडी प्रेक्षकांत घुसली. चालक आणि त्याचा सहकारी तर गेलेच, शिवाय रस्त्याकडेला उभे असलेले नऊ जण ठार झाले. त्यांत पाच मुले होती. पुढच्याच वर्षी ल्युइजी मुस्सो हा चालक मरण पावला, तेव्हा व्हॅटिकनच्या 'लोस्सेर्व्हातोरे रोमानो' या वृत्तपत्राने एन्झो फेरारी यांची तुलना आपलीच मुले गिळणाऱ्या सॅटर्न या देवाशी केली. याउलट, १९८८ च्या जून महिन्यात पोप दुसरे जॉन पॉल यांनी फेरारींच्याच कारखान्याला भेट दिली आणि तेथील चाचणी-मार्गावर उघड्या मोटारीतून फेरीही मारली. तीस वर्षांत पवित्र सभेचे मत उलटले, असे आम्हाला वाटत नाही. त्या तीस वर्षांत खेळ पुष्कळ बदलला होता. प्रेक्षक कठड्यांमागे गेले होते, शर्यती उघड्या रस्त्यांवरून बंदिस्त मार्गांवर आल्या होत्या.

धर्मशिक्षणाच्या ग्रंथात २२९० क्रमांकाचा परिच्छेद आहे. मद्याच्या धुंदीत किंवा वेगाच्या हव्यासापायी जो रस्त्यावर स्वतःच्या व इतरांच्या जिवाला धोका आणतो, तो गंभीर दोषाचा धनी होतो, असा त्याचा आशय. आम्ही तो मुलाला वाचून दाखवला. तो शांतपणे म्हणाला, "मम्मी, जालना रोडवर रोज रात्री मुले मोटारसायकली पळवतात. त्यांच्या डोक्यावर हेल्मेट नसते, समोरून ट्रक येत असतो. मला वेग हवा असेल तर तो मी कुठे घ्यावा?" गाडीत पोलादी पिंजरा असतो, छातीवरून व कमरेवरून घट्ट बांधणारा पट्टा असतो, अंगावर आगीला दाद न देणारा पोशाख, मान सांभाळणारे साधन; परवान्यासाठी वैद्यकीय तपासणी; जागोजागी झेंडे घेतलेले स्वयंसेवक आणि उभी रुग्णवाहिका. हे सारे असूनही कुमार गेले, हे त्यालाही माहीत होते आणि आम्हालाही. धोका शून्य आहे, असे तो एकदाही म्हणाला नाही. त्याच्या या प्रामाणिकपणाने आमचे मन वळले.

आम्ही तीन अटी घातल्या. कर्ज काढायचे नाही. रस्त्यावर कधीही शर्यत लावायची नाही. आणि मिस्सा चुकवायची नाही. शर्यती शनिवार-रविवारी होतात, म्हणून तिसरी अट अवघड वाटत होती. पण आदल्या संध्याकाळच्या मिस्सेने रविवारचे कर्तव्य पूर्ण होते, ही तरतूद आपल्या धर्मविधीशास्त्रात आहेच. चेन्नईत चर्चची वाण नाही. घरातील मातेने चौथी गोष्ट स्वतःपुरती ठरवली. फेब्रुवारीत नाशिक रोडला बाळ येशूच्या यात्रेला जाऊन तिने मुलाला त्या चरणी घातले. ज्या प्राग शहरातून ही भक्ती जगभर गेली, त्याच देशातून शेंद्र्याच्या स्कोडा गाडीचे मूळही आले आहे, हे तिला तेव्हा ठाऊक नव्हते. पुढे कळल्यावर तिने ती निव्वळ योगायोगाची गोष्ट मानली नाही.

हंगामातील एका शर्यतीला आम्ही दोघे मुद्दाम गेलो. हजार किलोमीटरांहून अधिक प्रवास. तेथे गेल्यावर या खेळाची जी रीत कळली, तिच्यासाठीच हा लेखनप्रपंच.

आम्ही समजत होतो की सर्व गाड्या सारख्या असतील, आणि पुढे जाईल तो जिंकेल. तसे नसते. इंडियन टुरिंग कार या वर्गात पुष्कळ सुधारलेल्या जोरकस गाड्या असतात. सुपर स्टॉक वर्गात गाडीत मोजकेच बदल करण्याची मुभा असते. नवख्यांसाठी ज्युनिअर टुरिंग कार असा वेगळा वर्ग. अनेकदा हे वर्ग एकाच वेळी, एकाच मार्गावर सोडले जातात. प्रत्येकाची स्पर्धा मात्र आपल्याच वर्गातील गाड्यांशी. निकाल वेगळा, गुण वेगळे.

आमचा मुलगा नवख्यांत होता. तिसऱ्या-चौथ्या फेरीत त्याच्यामागून एक मोठी गाडी आली. स्वयंसेवकाने निळा झेंडा दाखवला. त्याचा अर्थ, मागून अधिक वेगवान गाडी येत आहे, तिला जाऊ द्या. मुलाने आपली रेषा सोडली नाही, अचानक ब्रेक दाबला नाही. सरळ, अंदाज घेता येईल अशी गाडी ठेवली आणि ती पुढे गेली. मग दुसरी, मग तिसरी. आमच्या शेजारी बसलेल्या एका गृहस्थाने विचारले, "तुमचा मुलगा मागे पडला का?" आम्ही म्हणालो, "नाही, त्या गाड्या त्याच्या वर्गातल्या नाहीत." हे उत्तर देताना जो हलकेपणा वाटला, तो शब्दांत सांगता येणार नाही. पाहुण्यांच्या 'आणि' या शब्दाला इतक्या वर्षांनी उत्तर सापडले होते.

या पद्धतीत कधीकधी मोठी गंमत होते. इंग्लंडच्या राष्ट्रीय सलून-मोटार स्पर्धेत पूर्वी वर्गातील यशाला सारखेच गुण मिळत. १९७०, १९७१ आणि १९७२ अशी सलग तीन वर्षे तेथील विजेतेपद बिल मॅकगव्हर्न या चालकाने सनबीम इम्प या चिमुकल्या गाडीतून मिळवले. तिचे इंजिन जेमतेम हजार सीसीचे. शर्यतीत मोठ्या गाड्या त्याच्या पुढे निघून जात; हंगाम मात्र त्याचा असे. आणि दुसरे उदाहरण ऐकून शेंद्र्याचा आमचा मुलगा आनंदाने उड्या मारीत होता. १९८१ साली युरोपीय टुरिंग कार स्पर्धेत गाडी-उत्पादकांचे विजेतेपद स्कोडाला मिळाले. १३० आरएस नावाची, मागे इंजिन असलेली, तेराशे सीसीच्या आतली ती गाडी. तिच्या कितीतरी पट बळाच्या गाड्या त्या मैदानात होत्या. ती आपल्या लहान वर्गात सातत्याने जिंकत राहिली, आणि बेरीज तिच्या बाजूने झाली.

हे ऐकताना आम्हाला मत्तयकृत शुभवर्तमानातील रुपयांचा, म्हणजे तालांतांचा, दाखला आठवला. धन्याने एकाला पाच दिले, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक. ज्याच्या त्याच्या कुवतीप्रमाणे. पाचाचे दहा करणाऱ्याला धन्याने शाबासकी दिली. दोनाचे चार करणाऱ्यालाही दिली. वाचकहो, तो उतारा पुन्हा उघडून पाहा. दोघांना उद्देशून धन्याचे शब्द अक्षरशः सारखे आहेत. चार तालांत आणणाऱ्याला, "शेजाऱ्याने दहा आणले, तुझे काय?" असे धन्याने विचारले नाही. आणि तिसऱ्याने आपला तालांत जमिनीत पुरला, त्याचे कारण तो स्वतःच सांगतो: त्याला भीती वाटली.

भीती आम्हालाही वाटते. प्रत्येक शर्यतीच्या दिवशी फोन येईपर्यंत घरात माळेची प्रार्थना चालते. या खेळाला आम्ही पूर्ण मनाने होकार दिला आहे, असे म्हणवत नाही. ज्या पालकांनी नकार दिला असता, त्यांना आम्ही चूक म्हणणार नाही. हंगाम संपला तेव्हा मुलगा आपल्या वर्गात मधल्या फळीत होता. करंडक मिळाला नाही. साठवलेले पैसे संपले. पुढच्या हंगामात सर्व फेऱ्यांना जाणे जमले नाही. जेवढे जमेल तेवढे तो जातो, आणि एरवी ज्या संघाची गाडी त्याने भाड्याने घेतली होती त्यांच्याकडे स्पॅनर घेऊन मदतीला उभा राहतो. मात्र कुटुंबाच्या मेळाव्यात तो आता ताठ बसतो, आणि सेमिनरीतील भावाला झेंड्यांचे अर्थ समजावून सांगतो.

दर वर्षी जूनमध्ये आपल्या धर्मग्रामात मिस्सेनंतर दहावी-बारावीच्या गुणवंतांचा सत्कार होतो. टक्केवारीच्या उतरत्या क्रमाने नावे पुकारली जातात, टाळ्या पडतात. त्या मुलांचे कौतुक व्हायलाच हवे. परंतु तिसऱ्या प्रयत्नात गणित सोडवणारी मुलगी, वडील गेल्यावर कारखान्याची रात्रपाळी करून बारावी झालेला मुलगा, आयटीआयमध्ये जोडाऱ्याचे काम मन लावून शिकलेला तरुण, हेही त्याच मार्गावर धावले आहेत. त्यांचा वर्ग निराळा, म्हणून त्यांचा निकाल लावायचाच नाही, हे बरे नव्हे. धर्मग्राम मंडळाने येत्या जूनमध्ये अशा मुलांचीही नावे घ्यावीत, अशी विनंती आम्ही प्रमुख धर्मगुरूंना लेखी केली आहे. इतर धर्मग्रामांतील वाचकांनीही आपल्याकडे ती करून पाहावी.