आडवळणाचे यंत्र

सोपे काम जितके अवघड करता येईल तितके अवघड करून दाखवा, असा अभ्यास हल्ली मुलांना देतात हे मला गेल्या वर्षी कळले, आणि आयुष्यात प्रथमच एखाद्या विषयात आपण तज्ज्ञ आहोत असे वाटले. ३४ वर्षे मी सरकारी कचेरीत काढली. एका अर्जावर 'मंजूर' एवढा शब्द उमटायला तो किती टेबलांवरून आणि किती शिक्क्यांखालून जावा लागतो, हे मला कोणी शिकवायला नको. तसे मी बोलूनही दाखवले. पण नातीने मला गप्प केले. म्हणाली, "आजोबा, तुमचा कागद मध्येच थांबला तर तुम्ही चहाला जात होता. आमची गोटी थांबली तर मार्क जातात!"

नात तेव्हा अकरावीत होती. पदार्थविज्ञानाचा (आता त्याला भौतिकशास्त्र म्हणायचे) पाच जणांनी मिळून करायचा हा प्रकल्प. तरफ, कप्पी, उतरण, पाचर अशी साधी यंत्रे वापरायची. टप्पे दहापेक्षा कमी नकोत. पहिल्या टप्प्याला बोट लावले की पुढे कोणी हात लावायचा नाही. आणि शेवटी एखादे क्षुल्लक काम झाले पाहिजे. दिवाळी तोंडावर आली होती, म्हणून मंडळींनी काम ठरवले आकाशकंदील लावण्याचे. एरवी बटण दाबले की झाले. यांना त्यासाठी तीन आठवडे लागले आणि आमच्या सांगलीच्या घराची पुढची सबंध खोली लागली.

या प्रकाराचा मूळपुरुष रूब गोल्डबर्ग नावाचा एक अमेरिकन व्यंगचित्रकार. १८८३ साली सॅन फ्रान्सिस्कोत जन्मला, १९०४ साली इंजिनिअर झाला, काही महिने त्या शहराच्या पाणी आणि गटार खात्यात नोकरी केली आणि ती सोडून वर्तमानपत्रात चित्रे काढू लागला. (मला हा माणूस एकदम जवळचा वाटला. मला चित्रे येत नव्हती, एवढाच काय तो फरक.) त्याचे १९३१ सालचे एक चित्र प्रसिद्ध आहे. एक प्राध्यापक सूप पीत आहेत. चमचा तोंडाकडे गेला की दोरी ओढली जाते, पळी उडते, बिस्किट पोपटासमोरून जाते, पोपट त्यावर झेप घेतो, त्याची दांडी कलते, दाणे बादलीत सांडतात, बादलीच्या भाराने लायटर पेटतो, त्याने अग्निबाण सुटतो, बाणाचा विळा दोरी कापतो आणि लंबकाला बांधलेला रुमाल प्राध्यापकांची हनुवटी पुसू लागतो! त्याच साली अमेरिकेतल्या एका मोठ्या शब्दकोशात त्याचे नाव विशेषण म्हणून जाऊन बसले. गंमत अशी की हा गृहस्थ यंत्रे नुसती काढायचा, बांधायच्या भानगडीत पडायचा नाही. ती हौस पुढे विद्यार्थ्यांनी भागवली. १९८८ पासून तिकडे कॉलेजांच्या राष्ट्रीय स्पर्धाच भरू लागल्या.

कागदावरचा पोपट कधी झेप घ्यायला चुकत नाही. आमच्या खोलीतली गोटी मात्र रोज नवीन कारण काढून अडायची.

यंत्राचे टप्पे बारा ठरले. पुठ्ठ्याच्या पन्हळीतून गोटी यायची आणि फूटपट्टीच्या तरफेवर पडायची, इथपर्यंत सारे सरळ. पुढे घरातली एकेक वस्तू नाहीशी होऊ लागली. कपडे वाळत घालायची दोरी गेली, पोळपाट गेला, माझ्या चष्म्याचे घर गेले. सहाव्या टप्प्याला पुस्तकांची रांग होती. १९८३ साली लॉर्न व्हाइटहेड या शास्त्रज्ञाने दाखवून दिले की पडणारा ठोकळा आपल्या दीडपट ठोकळ्याला पाडू शकतो. त्या हिशेबाने रेल्वेच्या जुन्या वेळापत्रकापासून रांग सुरू होऊन मोल्सवर्थच्या कोशापर्यंत पोहोचली. एक माप बसेना, तिथे स्तोत्राचे पुस्तक अगदी फिट्ट बसत होते. पण ते पाडायला सूनबाईंनी साफ नकार दिला. शेवटी तिथे माझ्या सेवानिवृत्तीच्या वेळी मिळालेला ग्रंथ उभा राहिला. त्याच्या पडण्याबद्दल कोणाची तक्रार नव्हती.

एक शंका मात्र मला सतावत होती. अखेरच्या टप्प्यात दोन किलोचा लोखंडी बत्ता खाली येऊन तांब्याच्या दोन पट्ट्या एकमेकींवर दाबायचा, आणि बॅटरीवरचा कंदील लागायचा. पाच ग्रॅमची गोटी दोन किलोचा बत्ता पाडते कशी? एवढे बळ तिच्यात येते कुठून?

नातीने वहीतला हिशेब दाखवला. गोटी एक मीटर उंचावर ठेवली तर तिच्यात ०.०५ ज्यूल ऊर्जा साठते. बत्ता अर्धा मीटर उंच टांगला तर जवळजवळ १० ज्यूल. म्हणजे दोनशेपट. "गोटी काही बत्त्याला बळ देत नाही, आजोबा. बत्त्याचं बळ बत्त्यातच असतं. आम्ही सकाळी त्याला हातानं वर टांगला ना, तेव्हा ते त्याच्यात भरलं. गोटीमुळे नुसता त्याचा दोरा सुटतो."

साखळी प्रक्रिया हा शब्द आमच्या पिढीने ऐकला तो अणूच्या संदर्भात. ४ ऑगस्ट १९५६ रोजी तुर्भ्याला 'अप्सरा' अणुभट्टी सुरू झाली तेव्हा मी लहान होतो. पुढे शाळेत गुरुजींनी एकाचे दोन, दोनाचे चार असे फळ्यावर काढून दाखवले होते. ही साखळी तशी फोफावणारी नव्हे. ही एकाआड एक, रांगेने. आणि म्हणूनच नाजूक. एक कडी हुकली की पुढच्या साऱ्या वस्तू आपापल्या उंचीवर तशाच ताटकळत राहायच्या.

गटातला चष्मेवाला मुलगा प्रत्येक फसलेल्या प्रयोगाची नोंद ठेवायचा. त्याने प्रत्येक वस्तूवर पक्क्या निळ्या शाईने टप्प्याचा क्रमांकही घालून ठेवला होता. त्याने एकदा सर्वांना खाली बसवून सांगितले, "प्रत्येक टप्पा दहापैकी नऊ वेळा चालतो, म्हणून आपण खूश आहोत. पण बाराही टप्पे एका दमात चालण्याची शक्यता शंभरात फक्त अठ्ठावीस!" सारे चिडीचूप झाले. मग त्याने वही उघडली. चाळीस प्रयोगांपैकी सतरा सातव्या टप्प्यावर अडले होते. "सातवा काढून टाकू. अकरा टप्पे पुष्कळ झाले."

सातवा टप्पा म्हणजे लाटणे.

आदल्या वर्षीच्या भाद्रपदात ही गेली. त्या वर्षी आमच्याकडे दिवाळी नव्हती, कंदील माळ्यावरच राहिला. हिचे शिसवी लाटणे फडताळात डब्यांमागे उभे होते. सूनबाईंचे लाटणे वेगळे. हिच्या लाटण्याला कोणी हात लावत नव्हते आणि ते तिथून हलवतही नव्हते. लंबकासाठी जड लाकूड हवे म्हणून नातीने ते काढले आणि माझ्यापुढे धरले. मी मान हलवली.

आता चार जण एकीकडे आणि नात एकीकडे. ती कारण काही सांगेना. नुसती "नाही काढायचं" म्हणत राहिली. एक मुलगी म्हणाली, "तुझ्या हट्टापायी आमचे मार्क का जावेत?" तिचेही खोटे नव्हते. मी पेपर डोळ्यांसमोर धरून बसलो होतो. वाचत नव्हतो. त्या दिवशी चहा न घेताच मंडळी घरी गेली.

दुसऱ्या दिवशी चष्मेवाला एकटाच आला. फडताळासमोर उभा राहून त्याने नातीला विचारले, "हे आजींचं का?" ती हो म्हणाली. मग त्याने स्टूल मागितले आणि मला ते धरायला लावले. आतापर्यंत लाटणे एका दोरीवर टांगलेले होते. त्यामुळे ते झोका घेताना गिरक्या घ्यायचे, बाजूला भरकटायचे आणि समोरचा कॅरमचा स्ट्रायकर चुकवायचे. त्याने दांडीला हातभर अंतरावर दोन दोऱ्या बांधल्या आणि त्या खाली तिरक्या आणून लाटण्याच्या टोकाशी एकत्र केल्या. दोन दोऱ्यांवरचा लंबक एकाच रेषेत पुढेमागे होतो, त्याला आडवे जाता येत नाही. त्या संध्याकाळी आम्ही तिघांनी तीस वेळा लाटणे सोडले. तीसही वेळा स्ट्रायकर उडाला. त्याने वहीत तीस रेघा मारल्या आणि बाकीच्यांना फोन केला.

कॉलेजात पहिला प्रयत्न पंख्याच्या वाऱ्याने बिघडवला, दुसरा ४३ सेकंदांत पार पडला. मार्कांचे मी विचारले नाही.

धनत्रयोदशीला सूनबाईंच्या आग्रहावरून सारा पसारा पुन्हा घरी मांडला. नवा कंदील आणू म्हणत असलेल्या मुलाला न जुमानता नातीने माळ्यावरचाच उतरवला. शेजारपाजारची मुले दारात उभी. गोटी निघाली, पुस्तके पडली, लाटण्याने टोला दिला. उदबत्तीने दोरा जाळायचा होता. तो इतका वेळ जळेना की सर्वांचे श्वास अडकले. मग बत्ता धाडकन खाली आला.

कंदील लागल्यावर मुलांनी एकच ओरडा केला. मी चष्मा पुसायला आत गेलो.

आत करंज्यांचा शेवटचा घाणा राहिला होता. थोड्या वेळाने सूनबाई बाहेर आल्या, दोऱ्या सोडवून ते लाटणे घेऊन गेल्या आणि धुऊन पाऱ्या लाटायला बसल्या. "किती हलकं फिरतं हो हे," म्हणाल्या. मध्ये थांबून त्यांनी ओल्या फडक्याने त्यावरचा निळा सात पुसून पाहिला. तो काही गेला नाही.