परतीची वाट

ब्रेकवर पाय ठेवावा आणि मागचे लाल दिवे अर्धवट लागून पुढे डॅशबोर्डच उजळावा. डावा इंडिकेटर द्यावा आणि त्याच तालावर टेललॅम्प मिणमिणावा. जुन्या गाडीत असं काही सुरू झालं की घरातली माणसं म्हणतात, आता काढून टाका ही. मला मात्र ही लक्षणं वाचत बसायला फार आवडतं. त्यांत वेडेपणा वाटतो, पण प्रत्येकामागे पक्कं कारण असतं.

फियाट, अ‍ॅम्बॅसॅडर, १९८३च्या डिसेंबरात आलेली आणि २०१४च्या जानेवारीपर्यंत बनत राहिलेली मारुती ८००, या सगळ्यांची एक रचना सारखीच. बॅटरीतून दिव्यापर्यंत करंट नेणारी तार असते, परत आणणारी मात्र बहुतेक ठिकाणी नसते. गाडीचा पत्राच ते काम करतो. सगळे दिवे, हॉर्न, वायपर, सेल्फ आपापला करंट बॉडीत सोडतात आणि तो बॅटरीच्या निगेटिव्हला येऊन मिळतो. याला मेकॅनिक ‘अर्थ’ म्हणतात. मागच्या दिव्याचा अर्थ गंजला की करंट थांबत नाही. दुधनेला पूर येऊन पूल पाण्याखाली गेला की एसटी आडवाटेच्या गावांतून वळसा घेते, तसा तो शेजारच्या फिलामेंटमधून शिरतो आणि डॅशबोर्डच्या दिव्यांतून बाहेर पडतो. म्हणून ब्रेक दाबल्यावर उजेड भलतीकडे पडतो.

परभणीची हवा या जोडांची कसून परीक्षा घेते. मे महिन्यात बॉनेटखालच्या तारांचं प्लास्टिक कडक होऊन तडकतं. काळ्या मातीची धूळ होल्डरात जाऊन बसते आणि मृगाच्या पहिल्या सरीनंतर तिथेच ओल धरते. सुगीत उंदीर वायरिंगचं आवरण कुरतडतात. थंडीच्या बातम्यांत कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेतला आकडा झळकू लागला की पहाटे सेल्फ ‘टक्’ एवढंच म्हणतो. दोष त्या पहाटेचा नसतो. उन्हाळ्याने बॅटरी आधीच खाल्लेली असते, थंडी ते फक्त उघड करते.

आमच्या गाडीचे हेडलाइट जिंतूर रोडवर एका संध्याकाळी असेच मंदावले. आधी एका दुकानात नवी बॅटरी, नवा अल्टरनेटर असा खर्च सांगितला गेला. मी गाडी आमच्या मेकॅनिककडे, उस्तादांकडे नेली.

“उस्ताद, बॅटरी बदलू का?”

“थांबा सर, आधी तिला विचारू तर.”

मीटर लावला. इंजिन बंद असताना १२.६, चालू केल्यावर १४.१. म्हणजे बॅटरी आणि चार्जिंग दोन्ही ठणठणीत. मग त्यांनी दिवे लावायला सांगितले, मीटरची एक सुई बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरी हेडलाइटच्या अर्थाला टेकवली. तिथे जवळपास शून्य दिसायला हवं होतं. दिसलं दीड व्होल्ट. एवढा करंटचा जोर परतीच्या वाटेवरच जिरत होता. व्होल्टेज दहा टक्के घसरलं की फिलामेंटच्या दिव्याचा उजेड तीसेक टक्क्यांनी उतरतो, आणि इथे घसरण त्याहूनही जास्त होती.

दिवे चालू ठेवून मोजणं, हेच खरं कसब. तारेतले सगळे पदर तुटून एकच उरला, तरी दिवे बंद असताना रोध मोजला तर मीटर तार चांगली असल्याचं सांगतो. तिचं खरं रूप भार पडल्यावरच कळतं. उस्तादांनी बोल्ट उघडला. टोकावर हिरवट पूड साचली होती. पॉलिश पेपरने पत्रा चकचकीत घासला, नवा थिंबल बसवला, वरून थोडं ग्रीस. बाकी पार्ट एकही बदलला नाही.

वारंवार उडणाऱ्या फ्यूजच्या जागी जाड तार घालून ‘डायरेक्ट’ करणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. फ्यूज जळतो तो गाडी जळू नये म्हणून. त्याचं तोंड बंद करून माणसं त्याच गाडीत लेकरांना बसवतात आणि लग्नाला निघतात.

आता आमच्या गाडीचं एकच दुखणं उरलंय. तापली की मधेच बंद पडते आणि अर्ध्या तासाने काही झालंच नाही अशी सुरू होते. उस्तादांचा संशय इग्निशन कॉइलवर आहे. आतल्या तारेला बारीक चीर असेल तर गार असताना ती जुळलेली राहते, तापल्यावर फाकते. पण नुसत्या संशयावर कॉइल बदलायला ते तयार नाहीत. “सकाळी आणू नका सर, गार गाडी सगळं लपवते. दुपारी आणा, तापवून.” म्हणून येत्या रविवारी भर उन्हात गंगाखेडला जाऊन यायचं आणि इंजिन बंद न करता थेट त्यांच्या दारात उभं राहायचं ठरलंय.