लॉट नंबर 3

मार्चमधली रात्र. साडेनऊ वाजून गेले होते आणि नाशिकच्या पंचवटीतल्या माझ्या वर्गाचं शटर मी अर्धं खाली ओढलं होतं. तेवढ्यात तो मोटारसायकलवरून आला. पिंपळगाव बसवंतजवळच्या एका पॅकहाऊसवर सुपरवायझर. जूनपासून माझ्याकडे इंग्रजीला येत होता. जानेवारीत द्राक्षांचा हंगाम लागला की त्याला तिथून हलता येत नाही, म्हणून डिसेंबरात वर्ग सोडून गेला होता. हेल्मेट न काढताच त्याने मोबाईल पुढे केला.

"सर, यात काय लिहिलंय तेवढं सांगा."

महिन्यापूर्वीचा मेल होता, एकाच ओळीचा. ‘डू नॉट रिजेक्ट बट रीपॅक लॉट थ्री.’

"लॉट नंबर 3 नाकारू नका, तर पुन्हा पॅक करा," मी म्हटलं.

तो पायरीवर खाली बसला. त्याला कळलं होतं ते असं: रिजेक्ट करू नका, रीपॅक पण करू नका. म्हणजे लॉट ठीक आहे, जाऊ द्या. त्याने जाऊ दिला होता. घडातून सुटलेले मणी पनेटमध्ये, म्हणजे द्राक्षांच्या छोट्या डब्यांत, तसेच राहिले, कंटेनर न्हावा शेवाहून निघाला, तीनेक आठवड्यांनी युरोपात पोचला आणि आता तिकडून पैसे कापल्याचा निरोप आला होता. 2010 साली क्लोरमेक्वाट या वाढरोधकाच्या अंशामुळे युरोपात द्राक्षं अडकली होती, तेव्हापासून आमच्याकडे ‘रिजेक्ट’ हा शब्द बागेतल्या मजुरालाही कळतो. घात केला तो तीन अक्षरी ‘बट’ने.

"तुम्हीच शिकवलंय ना सर, बट म्हणजे पण?"

शिकवलं होतं. गेली अठरा वर्षं प्रत्येक बॅचला पहिल्या आठवड्यात तेच शिकवतो आहे. मराठीत ‘पण’ दोन कामं करतो, ही गोष्ट मात्र एकदाही फळ्यावर लिहिली नव्हती. ‘आला पण बसला नाही’ यातला पण वेगळा आणि ‘मी पण येतो’ यातला वेगळा. दुसरा म्हणजे नुसता ‘सुद्धा’. एका मुलीने निबंधात ‘आय बट गो टू कॉलेज’ असं लिहिलं होतं. तेव्हा मी वर्गाला ते वाचून दाखवलं होतं आणि सगळे हसले होते. मीही हसलो होतो. त्या मुलीची आणि या सुपरवायझरची चूक एकच होती, फक्त तिच्या चुकीचे पैसे कोणी कापले नाहीत.

त्या रात्री शटर पुन्हा वर केलं.

खरी गोम ‘नाही’च्या जागेत आहे. मराठीत नकार शेवटी येतो आणि मागच्या सगळ्याला कवेत घेऊ शकतो. ‘घड धुऊन भरू नका’ म्हटलं की धुणंही नको नि भरणंही नको, असंही कुणाला कळू शकतं. इंग्रजीत नकार आधी येतो, आणि मग तो कुठवर चालतो हे पुढचं उभयान्वयी अव्यय ठरवतं. ‘डू नॉट वॉश अँड पॅक’मध्ये तो ‘अँड’ ओलांडून जातो. ‘ऑर’ असेल तर दोन्ही कामांना सरळच बंदी. ‘बट’ मात्र भिंत आहे. ‘नॉट’ तिच्या अलीकडे संपला, पलीकडचं काम करायचंच आहे. मी फळ्यावर ‘रिजेक्ट’ आणि ‘रीपॅक’च्या मधे उभी जाड रेघ मारली. तो बराच वेळ त्या रेघेकडे बघत राहिला.

"मग याला ‘पण’ कशाला म्हणायचं? इथं तर काम सांगितलंय."

बरोबर होतं त्याचं. आपल्या शालेय व्याकरणात पण, परंतु, परी, बाकी, किंतु यांना न्यूनत्वबोधक म्हणतात. आधीच्या वाक्यात काहीतरी उणं आहे, असं सांगणारी ही अव्ययं. एक खोडून दुसरं मांडायचं असेल तर मराठी माणूस ‘पण’ वापरत नाही. ‘नसून’ म्हणतो, ‘नव्हे तर’ म्हणतो. इंग्रजीत दोन्हींना एकच ‘बट’. ‘ही डिड नॉट रिझाइन बट वॉज ट्रान्सफर्ड’ याचं भाषांतर ‘राजीनामा दिला नाही, पण बदली झाली’ असं केलं तर फार बिघडत नाही. लॉट नंबर 3 ला बिघडलं.

दुसऱ्या दिवशी चालू बॅचला हेच शिकवायला घेतलं आणि तिथे माझी आणखी एक खोड उघडी पडली. ‘ही केम बट नॉट एट’ असं कोणी लिहिलं की मी लाल शाईने ‘डिड’ घालतो: ‘केम बट डिड नॉट ईट’. नियम म्हणून सांगायचो, ‘बट’नंतर नुसता ‘नॉट’ आणि क्रियापद कधी ठेवायचं नाही. अंबडच्या एका कारखान्यात काम करणारी मुलगी उठली. "सर, आमच्या मशीनला टॅग असतो, ‘हॅज बीन क्लीन्ड बट नॉट टेस्टेड’. तो चुकीचा आहे का?"

चुकीचा नव्हता. माझा नियम चुकीचा होता. ‘हॅज बीन’ हे दोन शब्द दोन्ही कामांचे सामाईक आहेत. भिंत त्यांच्या पुढे सुरू होते, म्हणून पलीकडे नुसता ‘नॉट’ पुरतो. ‘केम’च्या आधी असं सामाईक काही नाही, तेव्हा ‘डिड’ आणावा लागतो. हे इतकं सोपं आहे की अठरा वर्षं दिसलं नाही याची लाजच वाटली.

आपली मुलं ‘बट’नंतर कर्ता पुन्हा का लिहितात, तेही त्याच आठवड्यात उमगलं. ‘तो नाशिकरोडला उतरला, पण त्याने फोन केला नाही.’ ‘मी सीबीएसला गेलो, पण मला गाडी मिळाली नाही.’ मराठीत क्रियापद बदललं की कर्ता कपडे बदलतो: तो, त्याने, त्याला. एकच रूप दोन्ही क्रियापदांना चालेलच असं नाही. ‘तो आला पण जेवला नाही’ इथे चालतं, म्हणून तिथे आपणही कर्ता एकदाच म्हणतो. इंग्रजीतला ‘आय’ गाडी मिळो न मिळो, ‘आय’च राहतो, म्हणून ‘आय वेंट बट डिडन्ट गेट द बस’ एवढ्यावर भागतं. दुसरा ‘आय’ लिहिला तर ती चूक नाही. फक्त ते मग दुसरं पूर्ण वाक्य होतं आणि ‘बट’आधी सहसा स्वल्पविराम लागतो. दुसरा ‘आय’ मी आता खोडत नाही. ‘ऑलदो’ने सुरू केलेल्या वाक्यात पुढे ‘बट’ आला तर खोडतो. ती जरी-तरीची जोडी आहे, आणि इंग्रजीला त्यातलं एकच पुरतं.

आपल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी 2000 साली आलं. माझ्याकडे येणारी बहुतेक मुलं त्या शाळांतूनच आलेली आहेत. त्यांना ‘बट’चं स्पेलिंग येतं, उच्चार येतो, अर्थही येतो. तो वाक्यात काय करतो, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. त्या ‘कुणी’त मी आहे.

या वर्षी फेब्रुवारीत पिंपळगावहून व्हॉट्सॲपवर एक फोटो आला. त्या सुपरवायझरने परदेशी पाठवलेला मेल होता: ‘वी हॅव चेक्ड बट नॉट लोडेड लॉट फाइव्ह.’ खाली त्याने मला विचारलं होतं, "सर, भिंत बरोबर आहे ना?" बरोबर होती.